खेळाच्या बाईंचं मत

शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ खस्ता खाऊन उभा केला होता. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली मैदानावर नुसता धुमाकूळ घालायच्या.

त्या वर्षी शाळेचा पैसा एकालाच पुरणार होता, संघाला नाहीतर दहावीच्या जादा तासांना. मुख्याध्यापकांनी बैठकीत मतं घेतली. बाईंची स्वतःची लेक दहावीत होती आणि गणितात गटांगळ्या खात होती. बाईंनी खाली मान घालून जादा तासांसाठी हात वर केला. पैसा तासांना गेला आणि संघ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी संघाची कर्णधार त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही पण हात वर केलात म्हणे?"

"अगं, अभ्यासही हवाच ना," बाई कशाबशा म्हणाल्या.

पोर पाठ फिरवून निघून गेली. पुढे तिने शाळाच सोडली आणि शिवणकामाच्या कारखान्यात जाऊ लागली.

लेक गणितात पास झाली, त्या संध्याकाळी बाई कर्णधाराच्या घरी गेल्या. मुलगी आतच बसून राहिली. तिची आई ओशाळून म्हणाली, "रागावू नका बाई. शाळेचं नाव काढलं की ती अशीच करते."

बाई पाणी पिऊन उठल्या.