शेपटाला परब

शुभांगीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात स्टोअर्सच्या रॅकवरची खोकी मोजत होते. बुधवार, दुपारचे पावणेचार. "वंदना, हा उठत नाहीये गं," एवढंच ती म्हणाली. तिचा नवरा, परब, त्या दिवशी रजेवर होता. जेवून, पेपर घेऊन खुर्चीत बसला होता. पेपर मांडीवरून खाली पडला तेव्हा तिला वाटलं, डोळा लागला असेल... मी रिक्षात बसले आणि सवयीने वही उघडून यादी केली. डॉक्टर, त्याचा भाऊ, अंबरनाथची बहीण, त्यांच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. यादी झाल्यावर पान उलटलं, तर मागच्या बाजूला येत्या रविवारची यादी होती, सोमवारीच लिहून ठेवलेली. नऊ नावं. सगळ्यात खाली, 'शेपूट' या शब्दापुढे, परब.

त्याला आता सात आठवडे झाले. एवढ्या दिवसांत लिहायला बसावंसं वाटलं नाही, कारण एका प्रश्नाचं उत्तर मिळायचं होतं. ते मिळालं, म्हणून आता लिहिते आहे.

मुलुंड-भांडुपच्या आम्हा आठ-दहा जणांचा सायकलींचा गट आहे. दर रविवारी पहाटे निघायचं, कधी आरे कॉलनीतून बोरिवलीला जाऊन नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ, कधी सपाटीने खारदांड्याच्या समुद्रापर्यंत. कोण येणार, पंप कोणाकडे, जादा ट्यूब कोणाकडे, हे सगळं माझ्या यादीत असतं. पुढे मी असते. सगळ्यात मागे जो असतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. कोणी दमलं, कोणाचं चाक पंक्चर झालं, तर शेपटाने थांबायचं. या कामाला पूर्वी, मी सोडून बाकीच्यांची, पाळी असायची. गेली चार वर्षं ते काम परबकडेच होतं.

त्याची माझी ओळख अकरा वर्षांपूर्वी कान्हेरीच्याच चढावर झाली. माझ्या एकवीस गिअरच्या सायकलची चेन ऐन चढात अडकली होती आणि मी रस्त्याच्या कडेला काळे हात घेऊन उभी होते. मागून एक माणूस पॅडलवर उभा राहून, डोलत डोलत वर आला. थांबेल असं वाटलं. तो थांबला नाही. जाता जाता म्हणाला, "वर जावन येतंय गो बाय." मी मूळची अकोल्याकडची. 'गो बाय' असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं, आणि अडलेल्या बाईला टाकून पुढे जाणारा माणूस असा तोंडभर हसलेलाही मी पाहिला नव्हता. दहा मिनिटांनी तो खरोखरच खाली आला, चेन सोडवून दिली, आणि मग खुलासा केला. त्याच्या सायकलला गिअर एकच. अशा सायकलवर चढात थांबलं की पुन्हा निघता येत नाही, म्हणून आधी वर जावंच लागतं. मदत मग उतारावर.

ती जाड टायरची माउंटन बाईक होती, आणि मूळची गिअरवालीच. गिअर त्याने स्वतः काढून, एका डब्यात भरून माळ्यावर टाकले होते. तो लिफ्टच्या देखभालीच्या कामात होता. आठवडाभर मोटरी, दोर, दाते आणि खटके यांच्याशीच झटापट. रविवारी पुन्हा तेच कोण करणार, असं त्याचं म्हणणं. "सहा दिवस लोकांना वर चढवतो, सातव्या दिवशी मी चढतो," हा त्याचा ठरलेला विनोद. नव्या माणसाला तो पहिल्याच रविवारी ऐकावा लागायचा.

मला ते पटत नसे. एकदा खारदांड्याला चहाच्या टपरीवर मी वहीत दोन रकाने पाडले, फायदे आणि तोटे, आणि त्याच्यासमोरच भरले. फायदे चार झाले. बिघडायला काही नाही. आरेतल्या चिखलातून गेलं तरी घरी येऊन बादलीभर पाण्यात सायकल स्वच्छ, तेव्हा आम्ही गिअरवाले दुपारभर टूथब्रशने दात्यांच्या चकत्या घासत बसायचो. वजन कमी. आवाज नाही... हे चौथं मला मनापासून मान्य होतं, कारण तो शेजारून गेला तरी फक्त टायर ऐकू यायचे. तोटे अकरा झाले. चढावर बसून, सावकाश जाता येत नाही, पॅडलवर उभं राहून सगळं अंग लावावं लागतं. गुडघ्यांची वाट लागते. सिग्नलवरून निघताना गाडी जड लागते. आणि सपाटीवर तर हाल. आम्ही मोठा गिअर टाकून आरामात निघून जायचो आणि हा मागे शिलाई मशीनसारखे पाय चालवत यायचा. खारदांड्याला समोरून वारा असला की आमचा दुसरा चहा संपत आल्यावर तो पोचे. म्हणजे चढावर सगळ्यांच्या पुढे आणि सपाटीवर सगळ्यांच्या मागे, सोबत अशी कधी नाहीच. ते मी बारावा तोटा म्हणून लिहिलं.

त्याने पान नीट वाचलं. तोटे सगळे बरोबर आहेत म्हणाला. मग म्हणाला, "पण बाय, तू अख्ख्या रस्त्यात विचार करतेस, आता हा टाकू की तो टाकू. माझा विचार घरीच संपतो." मी तेही फायद्यात लिहून घेतलं. पाच विरुद्ध बारा. तरी त्याने सायकल बदलली नाही.

चार वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण धाप लागेल असं काही करायचं नाही, चढावर जोर लावायचा नाही. एकाच गिअरच्या सायकलवर हे शक्य नव्हतं, हे कळायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. शुभांगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, माझं ऐकत नाही, तुझ्या यादीचं ऐकेल. मी त्याला सरळ सांगितलं की सायकलला गिअर बसल्याशिवाय त्याचं नाव यादीत येणार नाही. आज वाटतं, जरा वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं. तो दोन रविवार आला नाही. तिसऱ्या आठवड्यात माळ्यावरचा डबा घेऊन भांडुपला अस्लमभाईंच्या सायकलच्या दुकानात हजर झाला. मीही गेले होते, खात्री करायला. डब्यातले निम्मे भाग गंजलेले निघाले, म्हणून गटाने मिळून नवे घेतले. पुढे एक चकती, मागे आठ, हँडलला गिअर बदलायचा खटका. परबने सायकलभोवती एक फेरी मारली, "झकास" म्हणाला आणि बसून निघून गेला.

त्यानंतर तो हळू झाला. सपाटीवर तो मागे पडायचाच, आता चढावरही पडू लागला, बसून, शांतपणे, सगळ्यांच्या शेवटी. आजारपण आणि वय, असं आम्ही धरून चाललो. दर रविवारी तोच शेवटी येतो तर शेपूट त्यालाच करू, हे सोयीचं होतं, म्हणून मी पाळी बंद केली. गटात त्याला कासव म्हणायला लागले. मीसुद्धा म्हणायचे. तो चिडला नाही. चहाला पोचला की ज्याच्या त्याच्या सायकलची तक्रार सांगायचा... तुझं मागचं चाक हलतंय, तुझी सीट खाली गेलीय, आज तू डाव्या पायावर जोर देत नाहीयेस. एवढं त्याला कसं दिसतं, याचा मी कधी विचार केला नाही.

दिवसकार्य झालं त्या संध्याकाळी नातेवाईक बसले होते. कोणीतरी म्हणालं, हृदयाचं दुखणं असून सायकल सोडली नाही, दुसरं काय होणार.  आठवड्याने मी गेले तेव्हा शुभांगीने मला गॅलरीत नेलं. सायकल तिथेच होती, भिंतीला टेकवलेली, पुसून ठेवलेली.

"वंदना, तू पुढे असायचीस, मला माहितीय. पण खरं सांग. तो गिअर वापरत होता ना? का मला दाखवायला बसवले होते?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. अकरा वर्षांत मी एकदाही शेपटाला राहिले नव्हते. त्याचे पाय भराभर फिरताना पाहायची आम्हाला इतकी सवय होती की त्यात काही बदललं का, हे कोणी पाहिलंच नव्हतं. सायकलचं सगळं काम तो घरीच करायचा, त्यामुळे अस्लमभाईंनीही ती पुन्हा पाहिली नव्हती. मी शुभांगीला म्हटलं, सायकल दे, बघून सांगते.

दुसऱ्या दिवशी ती भांडुपला नेली. अस्लमभाई दापोलीकडचे, बोलायला सावकाश, हात मात्र भरभर. त्यांनी मागचं चाक काढलं, पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, हा खटका कधी दाबलेलाच नाही. आठातल्या सात चकत्या कोऱ्या आहेत. एकच खाल्लीय."

मला आधी राग आला. चार वर्षं या माणसाने मला, शुभांगीला, डॉक्टरला फसवलं असं वाटलं. त्यामागून भीती आली, की आता हे मी तिला कसं सांगू. त्याने तर शेवटपर्यंत तीच एक गिअरची सायकल चालवली होती, बाकीचं लोखंड नुसतं सोबत वाहिलं होतं. मी म्हटलं, म्हणजे त्याने त्याचंच केलं. अस्लमभाईंनी मान हलवली आणि चाक माझ्यासमोर धरलं. "कुठली खाल्लीय ते बघा ना."

मागच्या चकत्यांचं गणित सोपं असतं. लहान चकती जड, मोठी चकती हलकी. त्याचा पूर्वीचा एकुलता गिअर मधल्या मापाचा होता, चढावर उभं राहायला लावणारा. झिजलेली चकती त्या मापाची नव्हती. ती शेवटून दुसरी होती, जवळजवळ सगळ्यात मोठी. तिचे दाते टोकाला झिजून शार्कच्या पाठीवरच्या परासारखे वाकले होते. ज्या गिअरवर कान्हेरीचा चढ बसून, धाप न लागता चढता येतो, तो त्याने पहिल्याच दिवशी निवडला होता आणि पुन्हा खटक्याला हात लावला नव्हता. चढासाठी डॉक्टरांचं ऐकलं आणि बाकी सगळीकडे स्वतःचं. त्याची किंमत सपाटीवर. खारदांड्यापर्यंतचा सगळा रस्ता त्या गिअरवर म्हणजे पाय गरागरा फिरवायचे आणि चालणाऱ्यापेक्षा थोडं पुढे जायचं. चार वर्षं तो ते करत होता. आम्ही त्याला कासव म्हणत होतो आणि त्याने खुलासा केला नाही.

शुभांगीला मी चाक घेऊन जाऊनच दाखवलं. शब्दांत सांगून ते पोचलं नसतं. तिने झिजलेल्या दात्यांवरून बोट फिरवलं, बोटाला वंगण लागलं, ते पदराला पुसलं.  मग हसली.

"सुके बांगडे कमी करा म्हणाले डॉक्टर, तर ह्याने घरात आणायचेच बंद केले. म्हटलं, अरे, महिन्यातून एक खा. नाही. कमी-जास्त त्याला जमायचंच नाही गं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण ऐकलं म्हणजे त्याने."

"ऐकलं," मी म्हटलं.

तो गेला कशाने, याचं उत्तर या चाकात नाही, ते मलाही कळतं आणि तिलाही. डॉक्टरांनीही निश्चित काही सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी दिरांनी सायकलचा विषय काढला तेव्हा तिने आतून चाक आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि चहा टाकायला गेली, असं तिनेच मला सांगितलं.

सायकल तिने गटाला दिली. अस्लमभाई म्हणाले, चेन आणि ती चकती एकमेकांबरोबर झिजली आहेत. नवी चेन घातली तर जुन्या चकतीवरून घसरेल. बदलायचं तर दोन्ही बदला, नाहीतर दोन्ही राहू द्या. मी दर सहा महिन्यांनी चेन बदलणारी बाई आहे, त्याची तारीख माझ्या वहीत असते. मी म्हटलं, राहू द्या.

पहिल्या रविवारी मीच ती घेतली आणि शेपटाला राहिले. खारदांड्याचा रस्ता. दहा मिनिटांत सगळे पुढे निघून गेले आणि माझे पाय नुसतेच फिरत राहिले. दर सिग्नलला मी त्यांना गाठायचे आणि ते पुन्हा पुढे निघायचे. मग हळूहळू दिसायला लागलं... कोणाचं चाक हलतंय, कोणाची सीट खाली गेलीय, कोण आज डाव्या पायावर जोर देत नाही. बाकी काही करायला नसतं, फक्त बघायचं. चहाच्या टपरीवर पोचले तेव्हा सगळ्यांचा दुसरा चहा झाला होता. कासव म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. मीच म्हटलं, म्हणा.

आता शेपटाची पाळी पुन्हा सुरू केली आहे आणि ज्याची पाळी तो परबची सायकल घेतो. यादी मी सोमवारीच करते. सगळ्यात खाली 'शेपूट : परब' लिहिते, मग कंसात, त्या रविवारी त्याच्या सायकलवर जो असेल त्याचं नाव.