आधी समोरच्याचं सांग

"थांब. आधी त्याचं सांग. मग तुझं."

हे म्हणताना काका उजवा तळहात ट्रॅफिक पोलिसासारखा पुढे धरायचे आणि डाव्या हाताने पोह्यांची बशी समोरच्याकडे सरकवायचे. म्हणजे तोंड बंद करायची दोन्ही साधनं एकदम! पहिल्या भेटीत मला या माणसाचा इतका राग आला होता की मी पोहे तसेच टाकून घरी आले. चिंचवडच्या मुलीला कुणी बोलताना थांबवतं का?

नेदरलँड्समधल्या आयंडहोवनला लागून आमचं गाव. काका आमच्याच गल्लीत, कोपऱ्यावरच्या घरात राहायचे. फार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मधे कधीतरी डच पासपोर्ट घेतला, आणि निवृत्तीनंतर लोक बागेत टोमॅटो लावतात तसे हे राजकारणात शिरले. एका लहानशा मध्यममार्गी पक्षाकडून गावच्या नगरपालिकेवर, म्हणजे आम्ही सगळे जिला खेमेंटे म्हणतो तिच्यावर, निवडूनही आले. आम्हा मराठी लोकांना कोण अभिमान! गणपतीला शाळेचा हॉल मिळतो तो काकांमुळेच, असं आम्ही धरून चाललो होतो. हॉल अर्ज केला की कुणालाही मिळतो, हे शेवटी त्यांनीच सांगितलं, तेव्हा आमचा जरा हिरमोड झाला.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे मंडळी जमायची. विषय कुठलाही चालायचा, नियम मात्र एकच. ज्याला बोलायचं असेल त्याने आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडायचं, आणि इतकं नीट मांडायचं की त्या बाजूच्या माणसाने "हो, हेच म्हणतोय मी" अशी मान डोलावली पाहिजे. नाही डोलावली तर पुन्हा. टोमणा मारला तर पुन्हा. नुसतं "म्हणे" म्हटलं तरी पुन्हा! तुम्ही हे घरी करून बघा. हीटिंग किती ठेवायचं यावरून नवऱ्याशी भांडताना करून बघा. अर्ध्या तासात घटस्फोट तरी होईल, नाहीतर पुन्हा लग्न तरी.

भारतातल्या राजकारणावरून आमच्यात दोन तट आहेत, त्यामुळे व्हॉट्सॲपचे ग्रुपही दोन. काका दोन्हींत होते. एकाच आठवड्यात दोन्हींनी त्यांना काढलं. एका ग्रुपला ते दुसऱ्यांचे हेर वाटले, दुसऱ्याला पहिल्यांचे.

"काका, तुम्ही नक्की कुणाचे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"हिचा," त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं.

"मला नकोत," काकू ओट्यापाशी वळल्यासुद्धा नाहीत. "कुणाला हवे असतील तर घेऊन जा बाई."

मधला माणूस म्हणजे मऊ माणूस, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हालाही वाटत असेल. मला तर खात्रीच होती की काकांना वाईटपणा नको असतो, म्हणून ते दोन्हीकडून गोड बोलतात. छे हो! इतका हट्टी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. एका बाजूला उभं राहिलं की निदान पाठीशी कुणीतरी असतं. हे उभे राहायचे तिथे दोन्हीकडून मार बसायचा, आणि तरी ते तिथून हलायचे नाहीत.

ते मला नीट कळलं जोडशहराच्या भानगडीत. आमच्या गावाचं परदेशातल्या एका शहराशी जुनं नातं होतं. महापौर एकमेकांकडे जायचे, शाळेतली मुलं एकमेकांकडे राहायची, आमच्या दवाखान्यातल्या जुन्या खाटा तिकडे जायच्या. पुढे त्या देशाने शेजारच्या देशात सैन्य घुसवलं. तिथून पळालेल्या बायका पोरंबाळं घेऊन आमच्या गावात आल्या, गावाने त्यांना ठेवून घेतलं. द हेगमध्ये देशाचं सरकार पडलेलं, उरलेल्या काळजीवाहू मंत्र्यांचं आपसात पटत नव्हतं. वर काहीच ठरेना, तेव्हा खाली प्रत्येक गावाला आपणच परराष्ट्र खातं झाल्यासारखं वाटायला लागलं.

आमच्या कौन्सिलमध्ये सरळ दोन फळ्या पडल्या. डाव्या गटाची अन्नेके, गावातल्या शाळेची शिक्षिका, म्हणाली, संबंध आजच्या आज तोडा. उजव्या गटाचा हेंक, बटाट्याची शेती करणारा आडदांड माणूस, म्हणाला, काही तोडायचं नाही, ते द हेगचं काम आहे, आपण फुटपाथ नीट करू. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. काकांच्या पक्षाची मोजकी मतं जिकडे जातील तिकडे निकाल लागणार होता.

काका म्हणाले, "आज एका मताने तोडाल. निवडणुकीनंतर दुसरे येतील, एका मताने जोडतील. अर्ध्या गावाने ठरवलेलं परराष्ट्र धोरण म्हणजे एकच बाही घातलेला शर्ट. असं बाहेर जाऊ नये." मग त्यांनी काय करावं? दोघांनाही घरी पोह्यांना बोलावलं!

मी काकूंच्या मदतीला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. माझं डच तेव्हा परीक्षेपुरतं होतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. काकांनी तळहात पुढे धरला आणि अन्नेकेला म्हणाले, "आधी हेंकचं सांग."

"हेंकचं म्हणणं असं, की लोक मेले तर मरू देत, मला त्रास नको."

"नाही," हेंक म्हणाला.

"पुन्हा," काका म्हणाले.

असं किती वेळ चाललं म्हणून सांगू! हेंकने तेवढ्यात पोह्यांवर केचप ओतून दोन बशा संपवल्या. काकूंनी ते बघून तोंड फिरवलं. शेवटी अन्नेके हळू आवाजात म्हणाली, "तुला भीती वाटते, की आपण नातं तोडलं तर त्या शहरातल्या ज्या लोकांना हे युद्ध नको आहे, त्यांना बाहेरचं कुणीच उरणार नाही."

हेंकने चमचा खाली ठेवला. "हो. पण हे मला कधी असं बोलता आलं नव्हतं."

मग त्याची पाळी. तोही दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा म्हणाला, "आपल्या महापौराचा त्यांच्या महापौराबरोबर हसतानाचा फोटो पेपरात आला, तर तुझ्या वर्गातल्या त्या पळून आलेल्या मुलांना उद्या सकाळी काय सांगायचं, हे तुला कळत नाहीये." अन्नेकेचे डोळे भरून आले. तिने मान डोलावली.

त्या दुपारी तिघांनी मिळून ठरवलं. महापौरांच्या भेटी, झेंडे, समारंभ बंद. शाळा आणि दवाखाना यांचं नातं चालू. आणि यात बदल करायचा तर दोन्ही गटांनी मिळूनच करायचा. मला वाटलं, सुटला प्रश्न!

कसला सुटतो. अन्नेकेच्या पक्षातल्या लोकांनी तिला धारेवर धरलं, ती मागे सरली. ती सरली म्हटल्यावर हेंक म्हणाला, मी एकटाच कशाला मऊ दिसू, तोही सरला. आणि काकांच्या स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाने डाव्या गटाशी आधीच बोलणी केलेली होती. निवडणुकीनंतर कारभारात वाटा मिळणार, बदल्यात आत्ता संबंध तोडायला मत द्यायचं. काकांना त्याने स्पष्ट सांगितलं, "आमच्याबरोबर मत दे, नाहीतर पुढच्या यादीत तुझं नाव नाही."

हे कळल्यावर मी तरातरा त्यांच्याकडे गेले. सगळ्या मराठी मंडळींचं मत घेऊनच गेले होते. या एका गोष्टीवर आमचे दोन्ही ग्रुप एक झाले होते, म्हणजे बघा! "काका, देऊन टाका मत. ते शहर ना आमचं ना तुमचं. कौन्सिलवर आपला एक माणूस आहे, तो असला पाहिजे. उगाच कशाला—"

तळहात पुढे आला. "आधी माझं सांग."

मला असा संताप आला! पण सांगितलं. पहिल्यांदा टोमणा मारला, त्यांनी "पुन्हा" म्हटलं. दुसऱ्यांदा चुकले. मग म्हटलं, "तुमचं म्हणणं असं, की जागा टिकवायला मत दिलं तर मग त्या जागेवर कोण बसलंय याला काही अर्थ राहत नाही. खुर्ची आपली राहील, माणूस त्यांचा होईल."

"हो. हेच म्हणतोय मी. आता तुझं बोल."

"मला पटलेलं नाही."

"नको पटू दे. पटायची घाई कुणाला आहे?"

मतदानाच्या संध्याकाळी मी प्रेक्षकांत बसले होते. त्या दुपारी तिघांचं ठरलेलं काकांनी ठरावाला दुरुस्ती म्हणून मांडलं होतं, ती मताला आली. बाजूने कोण, असं विचारल्यावर एकच हात वर गेला. कोपरापासून सरळ. हेंक टेबलाकडे बघत होता, अन्नेके खिडकीकडे. सभेच्या अध्यक्षांनी मोजायची गरजच नव्हती, तरी काकांनी हात खाली घेतला नाही. "लिहून घेतलं का?" त्यांनी विचारलं. चिटणीस बाई म्हणाल्या, हो. मग घेतला. त्यानंतर संबंध तोडायचा ठराव पास झाला, त्याच्या विरोधातही त्यांनी मत दिलं. मला लाज नाही वाटली, उलट ऊर भरून आला. आणि रागही तसाच होता. दोन्ही एकदम होतं.

पक्षाने यादीतून नाव काढलं. काका दुसऱ्या आठवड्यात उठले आणि स्वतःची यादी काढली! नव्या यादीला गावातल्या मतदारांनी (पाच वर्षं राहिलेला परदेशी माणूसही इथे गावापुरता मतदार असतो, उभाही राहू शकतो) स्वतः खेमेंटेत जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून पाठिंबा द्यावा लागतो. दोन्ही ग्रुपमधले मराठी लोक एकाच रांगेत उभे होते, एकमेकांशी न बोलता. यादीत पहिलं नाव काकांचं. दुसरं माझं.

"मला कशाला?" मी ओरडलेच. "माझं तुमच्याशी पटत नाही!"

"सगळी माझ्यासारखीच घेतली तर मग मी एकटाच उभा राहतो की."

थंडीत शनिवारच्या बाजारात आम्ही पत्रकं वाटायला उभे राहायचो. एक दिवस एका माणसाने पत्रक चुरगाळून काकांच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, आपल्या देशात परत जा. मी पुढे सरसावले, तर तळहात माझ्यासमोर. काका त्या माणसाला म्हणाले, "थांबा. आधी मी तुमचं सांगतो. तुमच्या मुलाला या गावात घर मिळत नाही. तो लग्नाच्या वयाचा झाला तरी तुमच्या माळ्यावर राहतो. आणि बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांना घर मिळालेलं तुम्हाला दिसतं. बरोबर?" तो माणूस गोंधळला. म्हणाला, मुलगा नाही, मुलगी. बाकी बरोबर.

"आता माझं ऐका," काका म्हणाले. "मी जाणार नाही."

आणि त्यांनी त्याला नवं पत्रक दिलं. त्याने ते घेतलं.

पुढचं सांगायला मला जड जातं, म्हणून पटकन सांगते. निवडणूक मार्चमध्ये होती. फेब्रुवारीत काकांच्या छातीत दुखायला लागलं. हाउसआर्ट्सने, म्हणजे गावातल्या नेहमीच्या डॉक्टरने, तपासून लगेच आयंडहोवनच्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथे ते थोडेच दिवस होते. शेवटच्या भेटीत म्हणाले, "बाजारात जातेस ना?" म्हटलं, जाते. म्हणाले, "टोपी घालून जा." मग ते गेले. मी त्यांच्यावर फार प्रेम करत होते, हे मला हॉस्पिटलमधून बाहेर पडून सायकलचं कुलूप उघडताना कळलं. किल्ली लागेचना.

मतपत्रिका छापून झाल्या होत्या. नाव काढता येणार नव्हतं. मतदान केंद्राच्या दारावर फक्त एक कागद लावला होता, की अमुक यादीतील पहिला उमेदवार आता हयात नाही. लोक तो वाचून आत जात होते. हेंक बाहेर येताना भेटला. "मी माझ्याच पक्षाला मत दिलं," तो म्हणाला. "दयेपोटी तुझ्या काकांना दिलं असतं तर ते चिडले असते." मग हा एवढा मोठा माणूस तिथेच फुटपाथवर नाक शिंकरत उभा राहिला.

मी आत गेले. भली मोठी मतपत्रिका उलगडली. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा मतपत्रिकेवर छापलेलं होतं, आणि मी त्याच्या वरच्या, काकांच्या नावापुढच्या गोलात लाल पेन्सिल अशी दाबून फिरवली की कागद फाटायची वेळ आली. अन्नेके नंतर म्हणाली, मेलेल्या माणसाला मत देऊन काय मिळवलंस? म्हटलं, मत माझं होतं, मी दिलं.

आम्हाला जागा मिळाली नाही. थोडक्यात हुकली वगैरे काही नाही, सपशेल आपटलो. पण खेमेंटेने प्रत्येक उमेदवाराची मतं जाहीर केली, ती मी काकूंकडे बसून फोनवर बघितली. दुसऱ्या नंबरच्या जिवंत बाईपेक्षा पहिल्या नंबरच्या मेलेल्या माणसाला कितीतरी जास्त मतं होती. हरल्याचा असा आनंद मला कधी झाला नाही. मी काकूंना दोन्ही आकडे मोठ्याने वाचून दाखवले.

काकूंनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"त्यांचा परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचला.