अक्कानं मारलेले रिव्हेट

आयुष्यात एकाच बाईनं माझ्या हातातून गाडीची चावी काढून घेतली.

ती अक्का आज पहाटे धुळ्यात वारली.

तुम्हा नव्या ड्रायव्हर मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. अक्का म्हणजे आमच्या दगडूनाना मिस्तरींची बायको. आग्रा रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. चाकं खोलायचे नाना. ब्रेकशूवर नवं लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारी पट्टी, ठेवून रिव्हेट मारायची अक्का. दारात गोणपाट टाकून, पदर खोचून.

नाना म्हणायचे, "मना हात हालस, तिना हालत नही."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जळगावच्या एका मारवाडी शेठची पिकअप चालवायचो. बायको बाळंतपणाला माहेरी, कन्नडला. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं दोघींना घरी आणायचा दिवस सासऱ्यांनी पंचांग बघून ठरवला.

शेठ म्हणाले, "गाडी घेऊन जा रे. घरात लक्ष्मी येतेय, एस्टीत धक्के खात आणतो का?"

मी लगेच निरोप धाडला, गाडी घेऊन येतोय. आमच्या भाऊबंदांत गाडीतून बाळंतीण आणणारा मीच पहिला. रुबाब होता राव.

आदल्या दिवशी केळी धुळ्यात उतरवली, आणि ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायला लागली. नानांनी पुढचं डावं चाक खोललं. आत ब्रेक ऑइल गळून लायनर पार भिजलेलं, त्या चाकाला ब्रेक धरेचना.

आम्हा ड्रायव्हर लोकांचा तेव्हा एक ठरलेला इलाज होता. भिजलेला शू पेट्रोलनं धुवायचा, स्टोव्हवर धरून तेल जाळायचं, परत बसवायचा. तेवढ्यावर चार दिवस निघायचे.

मी म्हटलं, "नाना, भाजून द्या बसवून. सकाळी कन्नडला पोचायचंय, मुहूर्त आहे."

नाना अक्काकडे बघायला लागले.

अक्कानं हातोडी खाली ठेवली. "कोनले आनाले चालना?"

"बायकोला. आणि पोरीला."

"घाट उतरीसन?"

"हो."

ती उठली. माझ्या हातातली चावी घेतली आणि कमरेला खोचली.

"तुले मरनं व्हई ते एकला मर. पोर तान्ही शे. दोन्ही चाकंनं लायनर बदलाई, मंग जाय."

"अक्का, उजवं तर चांगलं आहे."

"एक नवं, एक जुनं, गाडी परत एकीकडेच ओढी. चहा पे. गुपचूप बैस."

बसलो. काय करणार?

अक्कानं दोन्ही चाकांच्या चारही शूंना नवं लायनर मारलं. ज्यातून ऑइल गळत होतं ते रबर नानांनी बदललं. सकाळी वाटलं, आता निघू. तर नाना स्वतः गाडी घेऊन लळिंग घाटात ब्रेक बघायला गेले. ते परत आले तेव्हा ऊन डोक्यावर.

कन्नडला पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. सासरे ओट्यावर बसलेले.

"या, गाडीवाले जावई. एस्टीनं आला असता तर वेळेत आला असता."

बायको दाराआडून बघत होती. हसली नाही. त्या रात्री जेवताना मी अक्काला मनातल्या मनात नको नको ते बोललो.

सासूबाईंनी कसाबसा दुसऱ्या दिवशीचा सकाळचा मुहूर्त काढून घेतला. निघालो. बायको शेजारी, मांडीवर पोरगी.

घाट उतरताना एका वळणावर ट्रक बंद पडलेला. अर्धा रस्ता अडवून उभा. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी.

मी ब्रेक दाबला.

गाडी सरळ थांबली. जरासुद्धा उजवीकडे गेली नाही.

बायको म्हणाली, "का थांबलात?"

"ट्रक आहे पुढं."

पोरगी जागीसुद्धा झाली नाही.

मी मात्र उजवीकडच्या दरीकडे बघत बसलो. पुढं जायला मला बराच वेळ लागला. बायकोला वाटलं, मी बापलोकांसारखा जपून चालवतोय.

पुढच्या खेपेला धुळ्याला गेलो आणि अक्काच्या पाया पडलो. तिनं काय झालं ते विचारलंच नाही. म्हणाली, "पोरले काबर नही लयना दखाडाले?"

मग पोरगी दाखवायला नेली. अक्कानं हात धुतले, तरी काळे राहिले म्हणून तिला घेतलं नाही. नुसती बघत बसली.

आज ही सगळी गोष्ट लेकीला फोनवर पहिल्यांदा सांगितली. ती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

काय सांगणार होतो? घडलं तर काहीच नव्हतं.

अक्का, ते घडलं नाही म्हणून माझ्या घरात आज नातवंडं आहेत. तुझे उपकार डोक्यावर घेऊन तुला निरोप देतो.

सुखानं जा, माय.