एक जांभळी गारगोटी

मास्तरांना जाऊन दीड महिना झाला. सकाळी चहा घेऊन गेले तर बसल्या जागी मान कलंडलेली... मी ओरडले की नाही, तेही आठवत नाही. शेजारणी मागाहून सांगत होत्या, मी नुसती ‘सांगायचं राहिलं, सांगायचं राहिलं’ म्हणत होते. चाळीस वर्षं मी माझ्या नवऱ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली, निव्वळ भीतीपोटी. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी ‘मास्तरांवर लिहा’ म्हटलं म्हणून लिहायला बसले आहे. यात त्यांचा गौरव कमी आणि माझा भित्रेपणाच जास्त निघेल, त्याला इलाज नाही.

निजामाच्या राज्यात मास्तर बीडच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवत. दिवसभर उर्दूत शिकवायचे आणि घरी येऊन माझ्याशी मराठीत भांडायचे. भांडणाचं कारण एकच, दगड. ओढ्यातून, नांगरटीतून उचललेल्या गारगोट्या पिशवी भरभरून घरात यायच्या. पांढऱ्या, धुरकट, पिवळसर... ‘सगळ्या एकाच घरच्या हायेत, मग रंग येगळा कावून?’ हा प्रश्न त्यांना जेवतानाही सोडायचा नाही. अशात लिंबागणेशला माझ्या धाकट्या भावाच्या, अप्पाच्या विहिरीत सुरुंग उडवला, तर काळ्या खडकात एक पोकळी निघाली आणि आत सगळीकडून गच्च जांभळे खडे. अप्पानं गाडगंभर आणून दाजींच्या पुढ्यात ठेवले. मास्तर त्या दिवशी जेवलेच नाहीत. त्यांचं म्हणणं, ही गारगोटीच. पोटात लोखंडाचा जरासा अंश आणि त्यावर जमिनीतल्या न दिसणाऱ्या किरणांनी लाखो वर्षं केलेलं काम. तापवली तर रंग जातो, असं हैदराबादेहून मागवलेल्या पुस्तकात होतं. रोज उठल्याबरोबर, तोंडसुद्धा न धुता, ते एक खडा उजेडात धरून बसायचे. मी म्हणायची, ‘देवाकडं तरी कधी असं बघितलंत का?’

गावात बोभाटा झाला की अप्पाला रत्नांचा हंडा सापडला. जमिनीतलं धन म्हणजे सरकारचं! अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, शिपाई घेऊन आले आणि अप्पाला ठाण्यात नेऊन कोंडलं. ‘नीलम कुठं लपवलेस?’ एवढंच विचारत राहिले. त्याची बायको, पोटुशी पोर, आमच्या उंबऱ्यात येऊन पडली. मास्तर अमीनाकडं गेले आणि म्हणाले, ‘हुजूर, खडे सगळे माझ्याकडं आहेत. लिंबागणेशच्या चावडीवर, सर्वांसमक्ष आगीत घालतो. नीलम असतील तर रंग राहील, गारगोटी असली तर पांढरी पडेल.’ अमीन म्हणाला, ‘रंग रहा तो दोनों अंदर.’

निघायच्या सकाळी गाडगं बांधायचं काम माझ्याकडं आलं. बांधता बांधता मनात आलं, माझ्या भावापायी हा माणूस आपला जीव की प्राण जाळायला निघालाय, एखादा तरी राहू दे त्याला. एक चांगला मोठा खडा मी कमरेला खोचला. मागाहून देईन म्हटलं. बैलगाडीत बसल्यावर मास्तर हळूच म्हणाले, ‘घरी एक तुकडा तापवून बघितलता. पांढरा झाला न्हाई. पिवळा झाला.’

‘मग?’

‘जाळ कमी पडला असंल.’

‘असंल? असंल म्हणता? माझा भाऊ कोंडलाय तिथं!’ मी ओरडलेच. गाडीवान मागं वळून बघायला लागला.

अप्पाला चावडीवर आणून बसवलं होतं. सोनारानं शेगडी पेटवली. मास्तरांनी मुशीत, राखेत दाबून पहिला खडा ठेवला. आम्ही बायका कोपऱ्याला, पदर तोंडात धरून. कमरेचा खडा मला निखाऱ्यासारखा भाजत होता. बऱ्याच वेळानं मूस उतरवली, निवू दिली, राख झटकली... आणि खडा पिवळाधमक! अमीन उठून उभाच राहिला. ‘अरे, ये तो पुखराज है! बस, अब कोई हात नहीं लगाएगा!’ अप्पानं कपाळाला हात लावला. आणि मास्तर, जे शाळेच्या शिपायालाही अहोजाहो करायचे, त्यांनी अमीनाकडं न बघता तो खडा पुन्हा राखेत दाबला आणि सोनारावर खेकसले, ‘भाता मार बे, जोरात!’ शिपायानं त्यांचा दंड धरला. ते हलले नाहीत. ‘हुजूर, अभी पका नहीं,’ एवढंच म्हणाले. अमीन का थांबला देव जाणे. पुखराजाहून मोठं काही निघेल असं वाटलं असावं मेल्याला. दुसऱ्यांदा राख झटकली तेव्हा पांढराफटक, तडे गेलेला दगड निघाला. सोनार हसला. अमीन चिडून म्हणाला, ‘सब डालो!’ आणि मास्तरांनी आपल्या हातानं सगळं गाडगं जाळलं. शेवटी अमीनानं विचारलं, ‘मास्टर, और कित्ते हैं?’ मास्तरांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. ‘गणपतीची शपथ, एक बी न्हाई.’ मी तिथंच पुढं झाले असते तर दोघंही आत गेले असते. मी तोंडातला पदर कमरेवर ओढून घेतला.

अप्पा सुटला. पण खडा द्यायचा तर शपथ खोटी ठरली हेही सांगावं लागणार, आणि हा माणूस असा की सरळ जाऊन अमीनाला सांगून आला असता. मी तो डाळीच्या डब्यात पुरला. पुढं सुट्टी लागली की मास्तर चौसाळ्याला, नांदूरघाटाला, जिथं विहीर खणतायत असं कळेल तिथं जायचे. धुळीनं माखून परत यायचे. ‘लई फिकट हाय गं. तसा रंग पुन्हा न्हाई.’ मी त्याच डब्यातली डाळ शिजवून त्यांना वाढायची. पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, अमीन कुठं गेला कोण जाणे. आता अमीनाचं नाही, मास्तरांचंच भय वाटायला लागलं. ज्याच्यासाठी इतकी वर्षं वणवण केलीत ते माझ्या डाळीत होतं, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली. जाण्याच्या आठवडाभर आधी, एका दुपारी, मी धीर केला आणि खडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी कंगोरे चाचपले.

‘गारगोटी. कुठली गं?’

‘अप्पाच्या विहिरीतली.’

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा कंगोऱ्यांवरून फिरवला. मग म्हणाले, ‘पांढरी?’

‘हो... पांढरीच.’

त्यांनी खडा माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ मिटवली. ‘बरं. जपून ठेव. उन्हात ठेवू नको.’ सुटले बाई, असं झालं मला.

दिवसपाणी उरकल्यावर परवा मी तो खडा अंगणात नेला. इतक्या वर्षांत तो कधी उजेडात बघितलाच नव्हता. तळहातावर ऊन पडलं, जांभळा रंग पेटून उठला, आणि त्यांचं बोलणं आठवून मूठ आपोआप मिटली. पांढऱ्या गारगोटीला उन्हाचं काय? उन्हानं रंग उडतो तो जांभळीचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणजे त्यांना कळलं होतं. त्या दुपारी कळलं, की डब्यात हात घातल्यावर कधी, की तिथं चावडीवरच, हात जोडायच्या आधी... मी घरात येऊन दार लावून घेतलं. कधी कळलं हो तुम्हाला? एकदा रागवायचं तरी होतंत माझ्यावर.