बंदर नको, असं कोण म्हणालं?

आमच्या डोंगरात ‘बंदर’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे जहाज येत नाही. बंदर म्हणजे समुद्राकडची सगळी गावं आणि तिथली सगळी माणसं. ‘बंदरात कामाला गेला’ म्हणजे चिकूच्या वाडीत मजुरीला गेला. ‘बंदरवाली आली’ म्हणजे सुकी मासळी आली. तिकडचे आम्हाला जंगलपट्टीवाले म्हणतात, आम्ही त्यांना बंदरवाले. दोन्ही शब्द शिवीसारखे वापरता येतात, आणि वापरलेही जातात. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या मे महिन्यात या एका शब्दापायी एका बाईची बाजारातली जागा जायची वेळ आली.

मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची. कॉलेज डहाणूला, आणि कॉलेज सोडून उरलेला सगळा वेळ जंगलपट्टीतल्या आमच्या संघटनेचा. सुट्टी लागली की माझा क्रम ठरलेला: आधी डहाणूच्या किनाऱ्यावर, वरोरला मैत्रिणीकडे, मग घरी, मग मुंबईला मामाकडे. मैत्रिणीची आई, जिला मी काकी म्हणते, तीच आमच्या आठवडी बाजारातली बंदरवाली. खरं तर मुलीच्या आधी मी आईला ओळखायला लागले. लहानपणी आईचा पदर धरून बाजारात जायचे तेव्हा काकी हातावर दोन सोडे ठेवायची. तिची लेक माझ्या वर्गात आली ती फार नंतर.

वरोरला पोचले तेव्हा काकी बांबूच्या वलांडीवरचे सुकलेले बोंबील काढत होती. आगोटीच्या बाजाराची तयारी. पावसाळ्याआधी डोंगरातली घरं सुकी मासळी भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. पावसात होड्या वर ओढलेल्या असतात, आणि काकीचं घर या आगोटीवरच पावसाळा काढतं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात बाजार नव्हता. किनाऱ्यावर जहाजांचं मोठं बंदर होणार, या बातमीनं गावाची झोप उडाली होती.

“समुद्र भरून टाकला तर होडी काय अंगणात चालवायची?” काकी म्हणाली. “आमी मूठभर मान्सं, पोरी. तुजी जंगलपट्टी उभी राहिली तर कोन तरी ऐकेल. सांगशील ना तुज्या लोकांना?”

“त्याच्यासाठीच तर आलेय,” मी म्हणाले आणि पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला. पत्रक मुंबईहून छापून आलं होतं. संघटनेला शहरातून मदत करणारे एक दादा आहेत, मजकूर त्यांचा. वर लाल अक्षरांत मथळा: बंदर नको!

काकीनं एकेक अक्षर जोडत वाचलं आणि बोंबील हातात घेऊनच हसायला लागली.

“म्हंजे मी नको? का गो, जेवतेस माज्या घरी आनि असला कागद वाटतेस?”

आम्ही सगळेच हसलो. मैत्रीण म्हणाली, “आये, तू गप. तुला लिवायला दिलं असतं तर बोंबलाचा भावच छापला असतास.” हसण्यावारी गेलं.

बाजाराच्या दिवशी काकी टोपल्या घेऊन टेम्पोनं तलासरीला आली. मी गठ्ठा घेऊन तिच्यासोबत. ती चिंचेखाली आपल्या नेहमीच्या जागेवर बसली आणि मी तिच्या शेजारी उभी राहून पत्रकं वाटायला लागले. ओरडायची सवय आहेच. “वाचा, वाचा, बंदर नको!”

काकीचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेली एक म्हातारी पिशवी उघडून समोर बसलेली होती. तिनं मान वर केली.

“काय केलंन गं हिनं?”

“कुणी?”

“या बंदरवालीनं. नको म्हंतेस ना तू?”

मी समजावायला तोंड उघडलं, पण मागून एक बाप्या बोलला, “बरोबर हाय पोरीचं. जन्मभर वाडीत राबवलान आमाला बंदरवाल्यांनी. आता त्यांच्यावर आली तर आमी कशाला धावायचं?” दोघा-चौघांनी माना डोलवल्या. मी सांगत होते, अरे बाबांनो, वाडीवाला वेगळा, ही मासळीवाली वेगळी, आणि हे बंदर तर तिसरंच, जहाजांचं. पण मी पत्रकाच्या भाषेत सांगत होते आणि ते आपल्या पाठीच्या भाषेत ऐकत होते. म्हातारीनं पिशवीची नाडी ओढली. मला वाटलं होतं ती तरी घेईल. ती उठली आणि पलीकडच्या दुकानात गेली. तिच्यामागे बाकीचे.

आणि त्या माणसाला खोटं कसं म्हणू? माझ्या बापानं उमेदीची वर्षं किनाऱ्यावरच्या एका चिकूवाडीत काढली. मालकाच्या घरचा चहा त्याला करवंटीत मिळायचा, कप मिळायचा नाही. बाबा त्याबद्दल बोलत नाहीत. फक्त चिकू खात नाहीत.

काकी दुपारपर्यंत बसली. मग भरल्या टोपल्यांवर गोणपाट टाकलं.

“काकी, पुढच्या बाजारी मी—”

“तुज्या लोकांनी चुकीचं नाय वाचलं,” ती म्हणाली. “आमी त्यांना कदी इचारलं, की तुमी कसे हाव? आता मला गरज लागली तवा इचारते.” टेम्पोत चढताना तिनं वळून पाहिलं नाही.

मी तशीच हायवेवरच्या चारोटीला जाऊन मुंबईची एसटी पकडली. मामाकडे सुट्टीला निघाले होते, पण डोक्यात मथळाच होता. मामा उपनगरातल्या एका टॉवरच्या संकुलात वॉचमन आहे, राहायला मागच्या बाजूला एक खोली. काकीनं आधीच बांधून दिलेले बोंबील मी मामीच्या हातात ठेवले. तिनं नाकाला लावले, डोळे मिटले, आणि डब्यात बंद करून टाकले.

“भाज ना,” मी म्हणाले.

“वरून फोन येतो गं. वास जातो त्यांच्याकडे.”

याच टॉवरातली माणसं शनिवार-रविवारी गाड्या काढून आमच्या किनाऱ्यावर ‘ताजी मासळी’ खायला येतात. मला संताप आला. मामा म्हणाला, “संताप जरा पुरवून वापर. उद्या तुझ्या दादाकडे जायचंय ना?”

दादांचं ऑफिस थंडगार. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हे मान्य करते. मग म्हणाले, “अगं, पण बंदर म्हणजे बंदरच. शब्दकोशात बघ.”

“आमच्याकडे बंदर म्हणजे माणसं आहेत, दादा.”

“मग काय छापू? पोर्ट?”

“छापा. नाहीतर खाली एक ओळ घाला: जहाजांचं बंदर नको, बंदरवाली हवी.”

ते हसले. “छान आहे. पण हा मथळा सगळीकडे गेलाय, फलकांवर, मोबाइलवर. एका तालुक्यासाठी बदलता येत नाही.”

एका तालुक्यासाठी! समुद्र कुठल्या तालुक्याचा जाणार होता? डहाणूचा. उठायचं कुणी होतं? शेजारच्या तालुक्यानं, आमच्या तलासरीनं. मग हा मथळा नेमका कुणासाठी होता? मी हे त्यांना तिथंच विचारलं. त्यांनी पाणी मागवलं.

रात्रपाळीला निघायच्या आधी मामा बुटांची लेस बांधता बांधता म्हणाला, “छापून काय करतेस? बाजारात वाचतं कोण? तिथं कोण कुणाशेजारी बसलंय, ते बघतात लोक.”

दुसऱ्या सकाळीच मी निघाले. मामी म्हणाली, “ही कसली सुट्टी?” तिचंही खरं होतं. तिच्या हातचं निवांत जेवणं झालं नव्हतं, मामाशी नीट बोलणं झालं नव्हतं. पण पुढचा बाजार पावसाआधीचा शेवटचा होता. तो हुकला असता तर काकीची आगोट गेली असती, आणि चिंचेखालची जागाही. आमच्या बाजारात नियम लिहिलेला नाही, पण आगोटीला जो आला नाही त्याची जागा दुसरा धरतो.

घरी बाबांना सगळं सांगितलं, मामाचं शेवटचं वाक्यही. ते दोर वळत होते. काकीला फोन लावला, लेकीनं उचलला. “आये म्हणते, बघू.”

बाजाराच्या सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. मी धावतपळत तलासरीला पोचले. चिंचेखाली काकीच्या जागेवर आमचं गोणपाट पसरलेलं, त्यावर आमच्या झाडाचे थोडे आंबे, आणि मागे बाबा बसलेले. विकायला नव्हे. आंबे तर इतके कच्चे होते की कुणी फुकट नेले नसते.

एक भांडीवाला जागा बघत आला. “सरका की बाबा जरा. इथली बाई येत नाय आता.”

“जागा धरलेली हाय.”

“कोनाची?”

“बंदरवालीची,” बाबा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. माझा बाप मोठ्यानं बोलत नाही. मागच्या बाजारी मान डोलवलेल्यांतले दोघे पलीकडे विळे बघत होते, त्यांनी वळून पाहिलं. बाबांची करवंटी त्यांनाही माहीत होती.

ऊन चढल्यावर टेम्पो आला. काकी टोपली डोक्यावर घेऊन चिंचेपाशी आली आणि बाबांना बघून थबकली. ही दोघं आयुष्यात घासाघीस सोडून एक शब्द बोललेली नव्हती.

बाबांनी गोणपाट गोळा केलं. “उशीर केलास, बाई.”

“वाटत नव्हतं यावं,” काकी म्हणाली.

“मला पन,” बाबा म्हणाले, आणि तिच्या डोक्यावरच्या टोपलीला हात दिला.

गर्दी झाली नाही. ती म्हातारी बऱ्याच वेळानं आली, आधी बाबांकडे, मग काकीकडे बघितलं, आणि जवळ्याचा भाव विचारला. भाव ऐकून नेहमीसारखी भांडली. काकीनं मोजून झाल्यावर वर एक मूठ टाकली आणि माझ्याकडे हात पसरला.

“दे गो तुजा कागद. बांधायला बरा हाय.”

मी दिला. तिनं लाल मथळा आतल्या बाजूला घेऊन पुडी वळली. म्हातारीनं ती पिशवीत टाकली आणि उठता उठता विचारलं, “त्ये जहाजांचं काय म्हंत होती गं पोर मागल्या बाजारी?”

“बस,” काकी म्हणाली. “सांगते.”

म्हातारी परत खाली बसली. बाबाही थांबले.