ज्याचा बिल्ला त्याने फिरवावा

संध्याकाळी साइटवरच्या बस आल्या की काका चष्मा कपाळावर चढवून बोर्डापाशी उभे राहत आणि म्हणत, "ज्याचा बिल्ला त्याने फिरवावा."

काका कतारमधल्या बरवा अल बराहा या कामगार-वसाहतीतले आमचे कॅम्प बॉस. वर्ल्ड कपच्या स्टेडियमचे नुसते खांब उभे राहिले होते, तेव्हाची गोष्ट. तुपाच्या डब्यांचे पत्रे कापून काकांनी माणशी एक बिल्ला केला होता आणि बोर्डावर खिळ्याला टांगला होता. बाहेर जाताना त्याची लाल बाजू वर, परत आल्यावर पांढरी. कंपनीचं पंचिंग मशीन होतं, पण काकांच्या लेखी ते खेळणं. सगळा बोर्ड पांढरा झाल्याशिवाय मेस उघडत नसे. भुकेल्या माणसांनी त्यांना किती शिव्या घातल्या असतील, तुम्हीच बघा.

काका मालवणचे, नौदलातले. तरुणपणी ज्या जहाजावर होते त्याचा इतिहास ते कुणालाही, न विचारता ऐकवत. आधी ती प्रवासी बोट. म्हातारी झाल्यावर इंजिन काढून बंदरात बांधली आणि नौसैनिकांना झोपायला दिली. एकाहत्तरची लढाई तिने जागेवरच काढली. शेवटी भंगार. "तसूभर हलली नाही रे," काका सांगत, "पण लढाईला गेलेले कितीतरी तिच्याच खाटांवरून उठून गेले!" न हललेल्या जहाजाचा एवढा अभिमान असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका गुरुवारी बिर्याणी होती. माझ्या खोलीतला फिटर, बीडचा, साइटवर म्हणाला होता, "डोकं लई दुखतंय. तू हो पुढं, मी मागच्या बसनं येतो." इकडे सगळा बोर्ड पांढरा, एकट्या त्याचा बिल्ला लाल. रांगेत ओरडा सुरू झाला. येतच असेल, म्हणून मी पुढे होऊन तो फिरवला.

काकांनी माझं मनगट धरलं. "तो खंय आसा?"

"मागच्या बसमध्ये, काका."

"मागची बस केव्हाच आली, मेल्या!"

त्यांनी बिल्ला पुन्हा लाल केला, ड्रायव्हरला "यल्ला, वापस चलो" म्हणाले आणि मलाही बसमध्ये ढकललं. फिटर प्लायवूडच्या थप्पीमागे सापडला, उन्हाने बेशुद्ध. थोडक्यात वाचला.

हॉस्पिटलच्या बाकावर काकांनी जहाजाचा राहिलेला इतिहास सांगितला. लढाईचे दिवस, ब्लॅकआउट. शिडीवर काकांची ड्युटी आणि तिथेही असाच बोर्ड. त्यांचा गाववाला किनाऱ्यावरून यायला उशीर करत होता. उशिराची नोंद झाली असती तर रजा गेली असती, आणि त्याला नुकती मुलगी झाली होती. काकांनी त्याचा बिल्ला फिरवून ठेवला.

"बोर्ड पांढरा, म्हणून कोणी शोधलाच नाही. धक्क्यावरून पाण्यात पडला होता. सकाळी मिळाला." मग हळूच म्हणाले, "शिडीपासून दहा हातांवर, रे." मला रडू आवरेना. ते मात्र माझ्याच पाठीवर हात फिरवत राहिले.

पुढल्या वर्षी काका रजेवर गेले. आपला बिल्ला स्वतः लाल केला, म्हणाले, "महिन्यात येतो, इन्शाल्ला." तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. हार्ट अटॅक.

नवा कॅम्प बॉस म्हणाला, "बोर्ड निकालो, खलास." मीच तो काढला. त्या दिवशी सुट्टी होती, सगळे बिल्ले पांढरे, एक सोडून.

तो लाल बिल्ला आता सांगलीला माझ्या घरी खिळ्याला आहे. मुलगी धूळ पुसताना कधी कधी पांढरी बाजू वर करायला जाते. मी तिचा हात धरतो. काका अजून आलेले नाहीत.