पामच्या कुंड्यांमागचा बँड

आम्ही म्हातारे बँडवाले मलकपेठेत चहाला जमलो की कुणीतरी आमच्या जुन्या क्लबाचा विषय काढतो. वाजवणं सुटलं, गुडघे गेले. किस्से तेवढे साठलेत.

*

दारूबंदीचे दिवस होते. नव्या कंपन्यांचे साहेब क्लबात यायचे. त्यांचा 'माल' चहाच्या किटलीतून यायचा. एकानं ऑर्डर दिली, "एक चाय, बर्फ डालके!" नव्या वेटरनं खरंच चहात बर्फ घालून दिला. साहेब तीन कप प्याले, टेबलावर चढून नाचले आणि म्हणाले, "आज का माल कडक है!"

*

आम्ही मराठवाड्यातून आलेले. वस्ती सांगितली की जात कळायची, पुढचं कुणी विचारत नसे. यायचं मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून. वाजवायचं पामच्या कुंड्यांमागे. हॉलातल्या खुर्चीवर बसायचं नाही. किशनमामा ट्रम्पेट वाजवायचा, मी ड्रम. त्या संगीताला साहेब जॅझ म्हणत. आम्ही म्हणायचो लंगडी चाल.

एकदा एक बाई मॅनेजरला म्हणाल्या, "ये टेप बदलो ना!"

मामा माझ्या कानात पुटपुटला, "हळू वाजव. टेप अडकायची!"

*

मामी रोज संध्याकाळी मामाचा डबा घेऊन यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायची. घरी खोली एवढीशी, ट्रम्पेट काढला की शेजारी ओरडायचे. म्हणून मामाची लंगडी चाल तिनं कधी ऐकलीच नव्हती.

मामा रोज विचारायचा, "आज काय ऐकलंस?"

"भांडी!"

*

मग मामाचे पुढचे दात हलायला लागले. दातांचा डॉक्टर म्हणाला, "आता हे काढायचे. फुंकणं विसरा."

मामानं मॅनेजरला विनवलं, "साब, एक दिन घरवाली को कोपऱ्यात बैठने दो."

"नक्को मास्टर. मेंबराँ क्या बोलेंगे?"

मामानं रुमालानं ट्रम्पेट पुसला.

*

त्याच आठवड्यात पोलीस आले. ते पुढच्या दारात आणि सगळे साहेब आमच्या मागच्या दारानं पसार! एकाचा बूट पिठाच्या डब्यात राहिला.

मॅनेजरनं किटल्या मोरीत ओतल्या, खरा चहा मांडला आणि ओरडला, "बैठो सब! कुर्सी पे बैठो!" आचारी बसले, भांडीवाल्या बसल्या, आम्ही बसलो. मामीला तर त्यानं हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मांडीवर डबा तसाच.

इन्स्पेक्टरनं कप हुंगले. "क्या चल रहा इधर?"

"म्यूझिक पार्टी, साब!"

"फिर म्यूझिक किधर है?"

मामा खुर्चीवरून उठला. कुंड्यांमागे गेला नाही, पुढेच उभा राहिला. हलत्या दातांनी त्यानं पूर्ण चाल वाजवली. इन्स्पेक्टरनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

पोलीस गेल्यावर मामानं रुमालानं ओठांवरचं रक्त टिपलं आणि मामीला विचारलं, "आज काय ऐकलंस?"

मामीनं डबा उघडला, भाकरी त्याच्यापुढे ठेवली. म्हणाली, "आज भांडी घासायला कुणी नव्हतं वाटतं!"